इथे काहीतरी टांगलंय : 'जेएस-' या उपसर्गाबद्दल

एअरबीएनबी या कंपनीने आपल्या इंजिनिअरांसाठी सीएसएस लिहिण्याचे नियम तयार केले आणि ते इंटरनेटवर सगळ्यांना वाचायला खुले ठेवले. त्यात एका बटणाचं उदाहरण आहे. बटणावर लिहिलंय 'रिक्वेस्ट टू बुक'. त्याला तीन क्लास दिलेत : 'बीटीएन', 'बीटीएन-प्रायमरी' आणि 'जेएस-रिक्वेस्ट-टू-बुक'. पहिली दोन नावं बटण कसं दिसावं ते ठरवतात. तिसऱ्या नावामुळे दिसण्यात काडीचा फरक पडत नाही. ते पुसून टाकलं तरी बटणाचा रंग तोच राहील, आकार तोच राहील, त्यावरची अक्षरं तीच राहतील. फक्त बटण दाबल्यावर काही होणार नाही.

हा लेख त्या तिसऱ्या नावाबद्दल आहे, आणि विशेषतः त्याच्या सुरुवातीच्या 'जेएस-' या उपसर्गाबद्दल. क्लासच्या नावाची कसली समीक्षा करायची, असं कुणी म्हणेल. पण क्लासचं नाव हा माणसाने माणसासाठी लिहिलेला मजकूर आहे. ब्राउझरला त्याच्या अर्थाशी देणंघेणं नसतं. सगळीकडे एकच नाव असलं की त्याचं भागतं. उद्या 'जेएस-रिक्वेस्ट-टू-बुक'च्या जागी सगळीकडे 'भोपळा' लिहिलं तरी बुकिंग व्यवस्थित होईल. म्हणजे नावात जेवढा अर्थ भरलाय तो सगळा पुढे कधीतरी हा कोड उघडणाऱ्या माणसासाठी आहे. तो माणूस कोण, त्याला काय कळायला हवं आणि हे नाव ते सांगतं का, हे प्रश्न कुठल्याही मजकुराला विचारता येतात. या नावालाही विचारू.

ज्यांनी कोड लिहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेब पेज तीन भाषांत लिहिलं जातं. पानावर काय आहे ते एचटीएमएल सांगते, ते कसं दिसावं ते सीएसएस सांगते आणि दाबल्यावर, लिहिल्यावर, सरकवल्यावर काय घडावं ते जावास्क्रिप्ट सांगते. तिघींच्या फाइली सहसा वेगळ्या. मग सीएसएसला कसं कळणार की रंग नेमका कुठल्या बटणाला द्यायचा? त्यासाठी एचटीएमएलमध्ये बटणाला एक नाव देतात, तो क्लास. क्लास म्हणजे भिंतीत ठोकलेली खुंटी. सीएसएस येते आणि तिच्यावर रंगरूप टांगते. जावास्क्रिप्ट येते आणि त्याच खुंटीवर वागणूक टांगते. वेब डेव्हलपमेंटमध्ये अशा नावाला 'हुक' म्हणतात. (रिअ‍ॅक्टमध्ये २०१९ पासून 'हुक्स' नावाचा जो प्रकार आहे तो वेगळा.) आपला खुंटी हा शब्द या अर्थाला चपखल बसतो.

गोंधळ सुरू होतो तो दोघींनी एकाच खुंटीवर टांगल्यामुळे. जावास्क्रिप्ट १९९५ची, सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती डिसेंबर १९९६ची. १९९७ साली आलेल्या एचटीएमएल ४च्या दस्तावेजात क्लासचे दोन उपयोग दिले होते : एक रंगरूप देण्यासाठी, दुसरा प्रोग्रॅमना इतर कुठल्याही कामासाठी. म्हणजे खुंटी कागदोपत्री पहिल्यापासून सामायिकच होती. पण सुरुवातीला जावास्क्रिप्ट लिहिणारे बहुतेक करून 'आयडी' वापरायचे, कारण ब्राउझरमध्ये आयडीवरून घटक शोधायची सोय होती, क्लासवरून शोधायची नव्हती. २००६ साली जॉन रेसिगने जेक्वेरी आणली. सीएसएस ज्या पद्धतीने घटक निवडते त्याच पद्धतीने ते जावास्क्रिप्टमधूनही निवडता येऊ लागले. हे इतकं सोपं होतं की सगळ्यांनी उचललं, आणि पुढे ब्राउझरांनीही तशी सोय स्वतःतच दिली. सामायिक खुंटीवर गर्दी झाली ती तेव्हापासून.

समजा, एका अर्जाच्या पानावर बटणाचा क्लास आहे 'लाल-बटण'. सीएसएस त्याला लाल रंगवते. जावास्क्रिप्ट त्याच नावाने बटण शोधते आणि अर्ज पाठवायचं काम त्याला जोडते. वर्षभराने बटण हिरवं करायचं ठरतं. ज्याच्याकडे हे काम आलंय तो नीटनेटका माणूस आहे. हिरव्या बटणाला 'लाल-बटण' म्हणणं त्याला पटत नाही. तो एचटीएमएलमध्ये आणि सीएसएसमध्ये नाव बदलतो. पान उघडून बघतो, हिरवं बटण झकास दिसतंय. जावास्क्रिप्टची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये आहे. ती मात्र अजून लाल बटण शोधते आहे.

पुढे काय होतं ते बघण्यासारखं आहे. कोड जेक्वेरीत असेल तर काहीच होत नाही. शोधलं, शून्य घटक सापडले, शून्य घटकांना काम जोडलं, विषय संपला. एरर नाही. ब्राउझरच्या स्वतःच्या सोयीने एक घटक शोधायचा असं लिहिलं असेल तर हाती 'नल' येतं, त्याला काम जोडायला गेलं की एरर येते आणि बहुतेक वेळा त्या स्क्रिप्टमधलं पुढचं कामही थांबतं. पण ती एरर कन्सोलमध्ये, जो वापरणारा कधी उघडत नाही. रंगरूप बिघडलं तर पान बघताक्षणी कळतं. हुक बिघडला तर बटण दाबेपर्यंत कळत नाही. आणि ते दाबणारा पहिला माणूस कदाचित शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी रात्री पावणेबाराला फोन हातात धरून बसलेला असतो. त्याला वाटतं नेट गेलं. तो पान रिफ्रेश करतो, फोन बंद करून चालू करतो, मित्राचा हॉटस्पॉट मागतो. दोष एका नावात आहे हे कळायला त्याच्याकडे कुठलाच मार्ग नसतो. क्लासच्या नावाकडे इतक्या गांभीर्याने का बघायचं, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

उपाय साधा होता : खुंट्या वेगळ्या करा. निकोलस गॅलाघरने २०१२ साली एचटीएमएलमधल्या अर्थाबद्दल एक निबंध लिहिला, त्यात जावास्क्रिप्टसाठी 'जेएस-' लावलेले स्वतंत्र क्लास वापरण्याची शिफारस होती. २०१५ साली हॅरी रॉबर्ट्सने उपसर्गांची यादीच मांडली. घटकासाठी एक, अवस्थेसाठी एक, जावास्क्रिप्टसाठी 'जेएस-', चाचण्यांसाठी 'क्यूए-'. या संकेताचे नियम दोनच. 'जेएस-'ने सुरू होणाऱ्या नावाला सीएसएसमध्ये कधीही रंगरूप द्यायचं नाही. आणि जावास्क्रिप्टने काही शोधायचं ते 'जेएस-' लावलेल्या नावानेच. हे नियम ब्राउझर पाळायला लावत नाही. सगळा कारभार समजुतीवर चालतो.

गॅलाघरच्या निबंधाचं मोल मला त्या शिफारशीपेक्षा त्यामागच्या युक्तिवादात दिसतं. त्या काळी नावांबद्दल एक सोवळं मत होतं : क्लासचं नाव मजकुराचं वर्णन करणारं हवं, 'बातमी', 'लेखक' असं. एचटीएमएलच्या प्रमाण दस्तावेजातही, नाव दिसण्याचं नसावं, मजकुराचं स्वरूप सांगणारं असावं, असा सल्ला आहे. गॅलाघरचा मुद्दा असा की, ही बातमी आहे हे तर मजकुरावरूनच कळतं. क्लासचं नाव वाचणारा डेव्हलपर असतो, तेव्हा त्याला उपयोगी पडेल ते नाव चांगलं. याला अपवाद आहे मायक्रोफॉरमॅट्सचा. तिथे पत्ता, फोन अशी माहिती बाहेरच्या प्रोग्रॅमना ओळखता यावी म्हणून क्लासची नावं जाहीरपणे ठरवून घेतली गेली. पण तिथेही क्रम तोच : आधी वाचणारा कोण ते ठरलं, मग नाव.

या कसोटीवर 'जेएस-'ची ताकद दिसते. हा उपसर्ग ज्याच्यासाठी लिहिलाय तो वाचक विशिष्ट आहे : तो साफसफाई करायला आलाय. त्याचं बोट डिलीटच्या बटणावर आहे. व्याकरणातले उपसर्ग शब्दाचा अर्थ फिरवतात; 'हार'ला 'प्र' लागला की मार बसतो, 'आ' लागला की जेवण मिळतं. 'जेएस-' पुढच्या शब्दाच्या अर्थाला हात लावत नाही. तो एवढंच सांगतो की या खुंटीवर काहीतरी टांगलंय, ते इथून दिसणार नाही, उपटण्याआधी दुसऱ्या खोलीत विचारून या. इतक्या कमी जागेत इतका नेमका इशारा देणारे संकेत आमच्या धंद्यात फार नाहीत.

पण त्याच वाचकाच्या बाजूने पाहिलं तर तो कुठे तोकडा पडतो तेही दिसतं. काहीतरी टांगलंय हे तो सांगतो, कुणी टांगलंय ते सांगत नाही. आपल्याकडच्या सूचनेच्या पाट्यांखाली 'हुकुमावरून' एवढंच लिहिलेलं असतं. कुणाच्या हुकुमावरून, तो हुकूम अजून लागू आहे का, देणारे साहेब कधीच निवृत्त झाले का, पाटी काही बोलत नाही. म्हणूनच ती काढायची कुणाची छाती होत नाही. 'जेएस-'ची तीच गत. छोट्या साइटवर एकच स्क्रिप्ट असते तेव्हा 'जावास्क्रिप्टला विचारा' हे पुरेसं होतं. शेकडो फाइली झाल्या की ते 'पुण्यात कुठेही विचारा' असा पत्ता दिल्यासारखं होतं.

त्यातून मेलेल्या खुंट्या साठतात. स्क्रिप्ट कुणीतरी काढून टाकतो, एचटीएमएलमधलं नाव राहतं. 'जेएस-' लावलेलं असल्यामुळे ते जिवंत वाटतं. पुढचा माणूस हात लावत नाही. उलट तोच तुकडा कॉपी करून दुसऱ्या पानावर नेतो, खुंटीसकट. यातला विरोधाभास असा की, एअरबीएनबीच्या नियमावलीत हा उपसर्ग का वापरायचा याचं कारण देताना भीतीचाच उल्लेख आहे : दोन्ही कामांना एकच क्लास वापरला तर काहीतरी मोडेल या धास्तीने लोक बदलच करेनासे होतात. उपसर्गाने ती भीती सीएसएसच्या बाजूने घालवली हे खरं. रंगरूप बदलणारा आता मोकळा झाला. पण 'जेएस-'ला हात लावायची भीती नव्याने तयार झाली, आणि तिच्यावर या नियमात औषध नाही.

दुसरी गोष्ट, उपसर्गाने अर्धंच नाव ठरतं. उरलेलं अर्धं लिहिणाऱ्यावर सोडलंय आणि खरी पंचाईत तिथे होते. 'जेएस-लाल-बटण' लिहिलं तर नियम पाळला जातो आणि दुखणं तसंच राहतं. बटण हिरवं झालं की कुणालातरी ते नाव सुधारावंसं वाटणारच. 'जेएस-डावा-मेनू' मोबाइलवर डावीकडे राहत नाही. 'जेएस-क्लिक' म्हणावं तर कीबोर्ड वापरणारा माणूस क्लिक करतच नाही, तो एंटर दाबतो. आता एअरबीएनबीचं उदाहरण पुन्हा वाचा. 'रिक्वेस्ट-टू-बुक' यात रंग नाही, जागा नाही, बोटाची हालचाल नाही. वापरणारा काय करायला आलाय तेवढं आहे. रंग दर वर्षी बदलेल, जागा स्क्रीनच्या आकाराप्रमाणे बदलेल, बटणाची लिंकसुद्धा होईल. हा माणूस बुकिंगची विनंती करायला आलाय हे सगळ्यात शेवटी बदलेल. त्या पानावरचा नियम फक्त उपसर्गाबद्दल बोलतो. उदाहरण नियमापेक्षा जास्त शिकवून जातं.

मालकाचं नाव लिहायचा प्रश्न पुढे काहींनी वेगळ्या वाटेने सोडवला. एचटीएमएल ५मध्ये 'डेटा-'ने सुरू होणारी अ‍ॅट्रिब्यूट अधिकृत झाली आणि अनेकांनी हुक क्लासमधून उचलून तिकडे नेले. त्यामुळे मध्ये भिंत उभी राहिली असं नाही. सीएसएसला हवं तर ती 'डेटा-'वरूनही घटक निवडू शकते. खरा फायदा असा की, इथे प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहायला जागा असते. ब्रिटिश सरकारच्या गव्ह-यूके फ्रंटएंडमध्ये 'डेटा-मॉड्यूल'समोर 'गव्हयूके-अकॉर्डियन' लिहिलेलं असतं : कुणाचं आणि काय, दोन्ही. बेसकँपने २०१८ साली आणलेल्या स्टिम्युलसमध्ये 'डेटा-कंट्रोलर'समोर 'हॅलो' लिहिलं की ते काम करणारी फाइल 'हॅलो-कंट्रोलर' अशा नावाची असणार, हे संकेतानेच ठरलेलं आहे. 'हुकुमावरून'च्या खाली सही आली.

सही उशिरा केली तर काय होतं तेही बूटस्ट्रॅपमध्ये दिसलं. २०२१च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी 'डेटा-टॉगल' बदलून 'डेटा-बीएस-टॉगल' केलं. कारण योग्यच होतं. 'टॉगल' हा शब्द इतका सर्वसाधारण की दुसऱ्या कुणाच्याही कोडशी त्याची गाठ पडू शकते, म्हणून त्यात आपल्या नावाची दोन अक्षरं घातली. पण ज्यांनी आवृत्ती नवी घातली आणि पानांमध्ये जुनं नाव तसंच ठेवलं, त्यांचे मेनू उघडेनासे झाले. गाजावाजा न करता, अर्थातच.

रिअ‍ॅक्टवर वाढलेले माझे समवयस्क म्हणतील, हा सगळा इतिहास झाला. २०१३ साली आलेल्या रिअ‍ॅक्टमध्ये बटण आणि त्याचं काम एकाच ठिकाणी लिहितात. शोधाशोध नाही, म्हणून खुंटीही नाही. हे बरंचसं खरं आहे, पण आतल्यांपुरतं. बाहेरून येणाऱ्यांना बटण अजूनही शोधावंच लागतं. आपोआप चालणाऱ्या चाचण्या बाहेरून येतात. कुणी कुठे दाबलं याची मोजदाद करणारी साधनं बाहेरून येतात. म्हणून आजच्या रिअ‍ॅक्टच्या कोडमध्ये 'डेटा-टेस्टआयडी' पावलोपावली दिसतं. ते जुन्या 'क्यूए-'चंच नवं रूप आहे. खुंटी तिथेच आहे, टांगणारे बदलले.

केंट सी. डॉड्स यांनी २०१८ साली सुरू केलेल्या टेस्टिंग लायब्ररीची भूमिका या बाबतीत सगळ्यात टोकदार आहे. तिचं म्हणणं, घटक शोधायचा तो वापरणारा शोधतो तसा शोधा : हे बटण आहे आणि त्याचं नाव अमुक आहे. 'टेस्टआयडी' हा शेवटचा पर्याय. यामागे मोठी सचोटी आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसालाही बटण याच मार्गाने सापडतं. चाचणीला ते सापडत नसेल तर बहुधा त्यालाही सापडत नाही. पण तीच साइट उद्या मराठीत आली की बटणावर 'बुकिंगची विनंती करा' येतं आणि 'रिक्वेस्ट टू बुक' शोधणारी चाचणी अडते. मग भाषांतराच्या फाइलीतून शब्द आणावे लागतात, किंवा पुन्हा एखादी न दिसणारी खुंटी ठोकावी लागते. दिसणारे शब्द वाचणाऱ्यासाठी असतात आणि त्यांना भाषेप्रमाणे बदलायचा हक्क आहे. आतल्या नावाने तो हक्क त्यांना मोकळा करून द्यावा, म्हणून ते वेगळं असलेलं बरं.

मग ते आतलं नाव मराठीत ठेवता येईल का? तांत्रिकदृष्ट्या येतं. या लेखात मी नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीत असतात, पण एचटीएमएल आणि सीएसएस दोघींनाही देवनागरी क्लास चालतो. एक फट मात्र आहे. 'ऱ'सारखं अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतं : एकच चिन्ह म्हणून, किंवा 'र' आणि त्याखालचा नुक्ता असं वेगवेगळं. डोळ्यांना दोन्ही सारखी, नाव जुळवताना ब्राउझरला वेगळी. म्हणजे पुन्हा तोच गप्प बिघाड, या वेळी दिसायला अगदी बरोबर असलेल्या नावात. मी मराठी नावांचा आग्रह धरत नाही, आणि त्याचं कारण या फटीपेक्षा साधं आहे. चिठ्ठी ज्याला वाचायची त्याच्या भाषेत हवी, आणि पुढच्या वर्षी हा कोड उघडणारी व्यक्ती कोइंबतूरची असेल.

तर माझं मत असं. 'जेएस-' हा चांगला उपसर्ग आहे आणि ज्या प्रकल्पांत तो नांदतोय तिथून तो फॅशन म्हणून हाकलायची गरज नाही. पण तो नावाची सुरुवात आहे, नाव नव्हे. पुढे कुणाचं ते यावं आणि वापरणारा काय करायला आलाय ते यावं. शिवाय ते नाव कोडमध्ये अख्खंच्या अख्खं लिहिलेलं असावं. अनेक जण जावास्क्रिप्टमध्ये 'जेएस-' हा तुकडा एकीकडे आणि उरलेलं नाव दुसरीकडून आणून चालताना जोडतात. दोन ओळी वाचतात, पण मग ते पूर्ण नाव सबंध कोडमध्ये शोधलं तरी सापडत नाही, आणि शोधणारा समजतो की खुंटी रिकामी आहे. तो ती उपटतो. त्याने नियमाप्रमाणे सगळं केलेलं असतं.

म्हणून नाव ठेवून झालं की खुंटा हलवून बळकट करून घ्यावा. ते पूर्ण नाव संपूर्ण प्रकल्पात शोधून बघावं. ठोकल्याची जागा आणि टांगल्याची जागा, दोन्ही सापडायला हव्यात. मग एचटीएमएलमधून ते क्षणभर पुसावं आणि चाचण्या चालवाव्यात. एखादी तरी चाचणी ओरडली पाहिजे. एकही ओरडली नाही तर पावणेबाराला अर्ज भरणाऱ्या त्या माणसाच्या आधी हे कुणालाच कळणार नाही. आणि एखाद्या दिवशी ती स्क्रिप्ट काढून टाकली, तर त्याच दिवशी, त्याच बदलात, भिंतीतली खुंटीही काढावी.